रिफ्रेशरला सही करून निघणाऱ्या माझ्या फार्मासिस्ट बांधवांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत फार्मासिस्ट बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा रिफ्रेशर कोर्सची, म्हणजे फार्मासिस्टांच्या उजळणी वर्गाची, सूचना आली. तिच्याखाली जे मेसेज पडले ते तुमच्याही ग्रुपवर पडत असतील. ‘आता परत शाळेत घालणार का?’ ‘सर्टिफिकेट घरपोच मिळेल का?’ ‘जेवण आहे ना?’ एकाने विचारलं, सकाळी सही करून दुपारी निघालं तर चालेल का. विषय काय, शिकवायला कोण येणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. म्हणून हे पत्र.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. डी. फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, केलं ते १९९१ च्या अभ्यासक्रमाने, ५०० तासांच्या ट्रेनिंगसह. दुकानात दोन मुलं मदतीला असतात. बाकी खरेदी, संपत आलेल्या मालाचं शॉर्ट बुक, एक्सपायरीचा माल, निर्बंध असलेल्या औषधांच्या विक्रीचं एच-वन रजिस्टर सगळं माझ्याच गळ्यात. तेव्हा ‘वेळ नाही’ म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको.

ग्रुपवर ‘सारखं सारखं रिफ्रेशर’ असा सूर होता, म्हणून आधी हिशेब. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर, प्रत्येक किमान एक दिवसाचा. म्हणजे पाच वर्षांत दोन दिवस. आपल्या राज्यातल्या डॉक्टरांना त्याच पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ब्रिटनमधल्या फार्मासिस्टला २०१८ पासून दरवर्षी आपण काय शिकलो याच्या चार नोंदी द्याव्या लागतात, त्यातल्या किमान दोन आधी ठरवून शिकलेल्या गोष्टींच्या. शिवाय एखाद्या सहकाऱ्याशी केलेली चर्चा आणि स्वतःच्या कामाची उलटतपासणी करणारं एक टिपण. तिथे भर हजेरीपटावर नाही. मला काय येत नव्हतं, ते मी कसं शिकलो, आणि त्याचा कोणत्या पेशंटला काय उपयोग झाला, हे लिहायचं. तिथल्या लोकांनीही कुरकुर केलीच. त्यांच्याकडच्या दहा वर्षांतल्या पाहण्यांचा एक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वेळ मिळत नाही, खर्च कोण करणार, नेमकं काय करायचं ते कळत नाही, सक्ती कशाला, अशी सगळी कारणं त्यात आहेत. आपलाच ग्रुप वाचतोय असं वाटतं. तेव्हा टाळाटाळ हा काही मराठी माणसाचा खास गुण नव्हे, एवढा दिलासा घ्यायला हरकत नाही.

पण मला खटकतं ते या दोन दिवसांच्या हजेरीपेक्षा वेगळं आहे. आपल्याला मनापासून वाटतं की आपल्याला सगळं येतं. वीस-पंचवीस वर्षं काउंटरवर उभं राहिल्यावर डॉक्टरांचं अक्षर लागतं, कुठल्या ब्रँडला कुठला सबस्टिट्यूट ते झोपेतही सांगता येतं, मग शिकायचं काय राहिलं? अक्षर लागणं आणि औषध कळणं यांतला फरक काउंटरवर लगेच उघडा पडत नाही, हीच खरी अडचण आहे.

माझ्या शिकण्याच्या काळात शुगरच्या गोळ्या म्हणजे मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड आणि त्यांचे भाऊबंद. डापाग्लिफ्लोझिनचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं, पाठोपाठ ढीगभर ब्रँड आले, किंमत उतरली, आणि आता गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरच्या चिठ्ठीवरही ते सर्रास दिसतं. मार्च २०२५ मध्ये त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं तेच झालं. डापाग्लिफ्लोझिन दुकानात आलं तेव्हा आपल्याला काय कळलं? स्कीम कळली. दहावर किती फुकट, ते कळलं. औषध चालतं कसं याची माहितीपुस्तिका एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या, बॅगेत होती, पण ती डॉक्टरांसाठी. आपणही मागितली नाही.

आता काउंटरवर बघा. पन्नाशीच्या एक बाई भर दुपारी, गर्दी नसताना येतात. आजूबाजूला पुरुष गिऱ्हाईक नाही ना ते बघतात आणि हळूच म्हणतात, ‘ताई, खाली खाज येतेय, एखादं मलम द्या ना.’ बुरशीवरच्या क्लोट्रिमाझोलची ट्यूब काढून हातावर ठेवणं हे दहा सेकंदांचं काम. बाईंना बरं वाटतं, काही दिवसांनी पुन्हा येतात, पुन्हा ट्यूब. आपल्या लेखी ती विक्रीच. पण ज्याला हे औषध कळलंय तो ट्यूबला हात लावायच्या आधी विचारतो, ‘मधे शुगरची गोळी बदलली का?’ बाई पिशवीतून स्ट्रिप काढतात, तर डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, मग तिथे बुरशी धरते. हे एकदा लक्षात आलं की सांगण्यासारखं पुष्कळ निघतं. लघवीनंतर पाण्याने स्वच्छ करा, कोरडं ठेवा. उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं, तर ही गोळी तशीच रेटू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि खाजेचं डॉक्टरांना सांगायला लाजू नका, मी कागदावर लिहून देते, तो नुसता त्यांच्यापुढे धरा.

उपासांचं तर विचारूच नका. नवरात्राचे नऊ दिवस कडकडीत उपास धरणाऱ्या, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही न घेणाऱ्या बायका आपल्या रोजच्या गिऱ्हाईक आहेत. या गोळीवर असताना फार काळ उपाशी राहिलं तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि माणूस दवाखान्यात भरती होतो. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी हे सांगायची जागा आपल्या काउंटरइतकी चांगली दुसरी कुठली? डॉक्टरकडे त्या तीन महिन्यांतून एकदा जातात, आपल्याकडे दर महिन्याला येतात.

इन्सुलिनच्या सिरिंजचं तर त्याहून साधं आहे. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची; आकडा म्हणजे एका मिलित किती युनिट. ४० च्या बाटलीला लाल, १०० च्या बाटलीला केशरी. आता पुण्याचा मुलगा बाबांसाठी तिकडून १०० ची बाटली घेऊन येतो. इकडे बाबा सवयीने लाल टोपणाच्या सिरिंज मागतात आणि काउंटरवरचा पोरगा देतो. डोस २० युनिट, म्हणून २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते होतं अर्धा मिलि, म्हणजे ५० युनिट. रात्री घाम सुटून बाबा बेशुद्ध. उलट झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत घेतलं, तर अंगात जातात ८ च युनिट. मग ‘हे इन्सुलिन लागू पडत नाही’ म्हणत डोस वाढत राहतो. यातलं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. पण ‘बाटली कितीची आहे, दाखवा बघू’ असं दर वेळी विचारण्याची सवय आपल्याला आणि आपल्या पोरांना लावून घ्यावी लागते. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे, रोज नाही, हे मोठ्या अक्षरात पाकिटावर लिहून वार ठरवून देण्याची सवयही तशीच. यासाठी कुठल्या हॉलची गरज नाही. शिकायची इच्छा मात्र लागते.

आणि ती नसते तेव्हा आपल्या तोंडी एक ठरलेलं उत्तर असतं : ‘डॉक्टरांना विचारा.’ कधी कधी ते अगदी बरोबर असतं. डोस बदलायचा, औषध थांबवायचं, हा आपला अधिकार नाही. पण थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ का, एक डोस चुकला तर काय करू, हे सिरप फ्रीजमध्ये ठेवायचं का, असल्या प्रश्नांनाही आपण तेच उत्तर देतो. २०१५ च्या त्याच नियमांत समुपदेशनात काय सांगायचं ते दिलेलं आहे : औषध कशासाठी, किती, किती दिवस, कोणती काळजी घ्यायची, कोणते दुष्परिणाम होऊ शकतात, साठवायचं कसं, डोस चुकला तर काय. म्हणजे हे प्रश्न नियमानेच आपल्या पदरात टाकलेले आहेत. ‘डॉक्टरांना विचारा’ हे उत्तर आपण अधिकाराची मर्यादा पाळण्यासाठी किती वेळा देतो आणि येत नाही म्हणून किती वेळा, हे ज्याचं त्याने तपासावं.

आपल्याकडे नवी माहिती येते कशी? एखादी दुर्घटना झाली की ग्रुपवर फोटो येतो, ‘हा बॅच बाजूला काढा.’ ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपचं असंच झालं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बाजूची वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलेली होती. बॅच एसआर-१३, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के. आपण सगळ्यांनी कपाटं तपासली, तत्परतेने. पण नंतर दुकानात आलेल्या आयांनी विचारलं, ‘मग आता कुठलं देऊ?’ तेव्हा बऱ्याच काउंटरवर दुसरी बाटली पुढे आली. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना त्याच आठवड्यात निघालेली होती की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे टाळायची. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना नको, असा इशारा तर डिसेंबर २०२३ मध्येच दिला गेला होता. बॅच नंबर आपल्यापर्यंत तासाभरात पोचतो, त्यामागचं कारण पोचत नाही. डायएथिलिन ग्लायकॉल आपल्याला नवं आहे असंही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनने १४ जणांचा बळी घेतला होता, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावरच नेमला होता. चाळीस वर्षं होत आली. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या हाताखालच्या पोरांना ती हकीकत सांगितली आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ कॉम्बिनेशन, म्हणजे एकाहून जास्त औषधं एकत्र केलेली उत्पादनं, बंद झाली तेव्हाही असंच. यादी फिरली, माल परत गेला, क्रेडिट नोट कधी येणार यावर आठवडाभर चर्चा. ती एकत्र औषधं निरर्थक किंवा धोक्याची का ठरवली, यावर एकही मेसेज नाही. क्रेडिट नोटची चिंता मलाही होती, खोटं कशाला बोलू. १६ आणि २० टक्क्यांच्या मार्जिनवर दुकान चालवणाऱ्याला ती असणारच.

आता वेळेबद्दल. नोकरी करणाऱ्या फार्मासिस्टची ओढाताण खरी आहे. बारा-बारा तास उभं राहायचं, पगार असा की बीएस्सी झालेला कॉल सेंटरवाला हसावा, आणि रिफ्रेशरला जायचं म्हटलं की मालक म्हणतो त्या दिवसाचा पगार कापीन. या मंडळींना मी आळशी म्हणणार नाही. इथे प्रश्न मालकांना आहे, म्हणजे माझ्यासारख्यांना. हजेरी लावून पगारी सुट्टी देणं आपल्या हातात आहे. पण दुकान स्वतःचं असलेल्यांनी वेळेचं कारण जपून वापरावं. ऑनलाइन विक्रीच्या विरोधात २८ सप्टेंबर २०१८ ला आपण देशभर बंद पाळला, तेव्हा दिवसभर शटर खाली ठेवायला आपल्याला वेळ सापडला होता. तो बंद चुकीचा होता असं मी म्हणत नाही, मीही शटर ओढलं होतं.

त्याच ऑनलाइनवाल्यांचं घ्या. आता शहरांत दहा मिनिटांत औषध घरपोच मिळतं, वर २० टक्के सूट. किमतीत आपण त्यांना पुरणार नाही, वेगातही नाही. त्या मलम मागणाऱ्या बाईंना मात्र मोबाइल अॅप शुगरच्या गोळीबद्दल विचारणार नाही, मलम कार्टमध्ये टाकेल आणि वर साबण सुचवेल. आपण नुसती ट्यूब देणार असू तर आपल्यात आणि अॅपमध्ये उरतो तो २० टक्क्यांचा फरक, आणि तो आपल्या बाजूचा नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. आपल्यातले कित्येक जण असे आहेत की ज्यांचं सर्टिफिकेट एका गावातल्या मेडिकलला ‘लावलेलं’ असतं आणि ते स्वतः भलत्याच ठिकाणी भलतंच काम करत असतात. महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येते. त्यांच्यापुढे सीपीडीची, म्हणजे व्यवसायात सतत शिकत राहण्याची, भाषा बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने ‘फार्मासिस्ट हजर नाही तर विक्री नाही’ असा आग्रह धरला तेव्हा आपल्याच संघटना रस्त्यावर आल्या होत्या. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. ज्या कलमाने आपल्याला भाकरी दिली तेच आपण भाड्याने लावतो, आणि २५ सप्टेंबरला फार्मासिस्ट दिनाचं पांढऱ्या कोटातलं स्टेटस ठेवतो. याबद्दल मी आणखी लिहिणार नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

रिफ्रेशर भरवणाऱ्यांनाही दोन शब्द. सगळा दोष आम्हा हजेरीवाल्यांचा नाही. मी बसले आहे त्यांतल्या काही कार्यक्रमांत सकाळचं सत्र सत्कारात गेलं, मग कायद्याच्या स्लाइड जशाच्या तशा वाचून दाखवल्या गेल्या आणि जेवणानंतर प्रायोजक कंपनीचं भाषण. नव्या औषधाबद्दल एकही प्रश्न न विचारता सर्टिफिकेट हातात. अशा दिवसाला कुणी सही करून निघून गेलं तर त्याला नावं ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते. तुम्ही एवढंच करा : दहा चिठ्ठ्या घ्या, नावं झाकून पडद्यावर लावा, आणि विचारा की काउंटरवर तुम्ही काय सांगाल, काय विचाराल, कुठे डॉक्टरांना फोन कराल. इन्हेलर हातात द्या आणि वापरून दाखवायला सांगा. अर्धा हॉल दम कधी रोखायचा तिथे गडबडेल. मग सही करून पळून जायचं मन होणार नाही, कारण बाजूचा बरोबर सांगतोय आणि आपल्याला येत नाही, हे कुणालाच सोसत नाही.

आणि बांधवांनो, आपल्यासाठी मी सुचवते ते फार मोठं नाही. काउंटरखाली एक शंभर पानी वही ठेवा. ज्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तो प्रश्न तिथे, तारखेसह. रात्री दुकान बंद केल्यावर किंवा दुपारी गिऱ्हाईक पेंगत असतं तेव्हा त्यातला एक शोधा. औषधासोबतचं माहितीपत्रक आपण चुरगाळून टाकतो, ते वाचा. मुलुंडच्या आपल्या राज्य कौन्सिलचं औषध माहिती केंद्र आहे, त्यांना विचारा. एखाद्या पेशंटने ‘ही गोळी घेतल्यापासून अंगावर चट्टे आले’ असं सांगितलं तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून वाटेला लावू नका. औषध कोणतं, केव्हा सुरू केलं ते लिहून घ्या, त्याला डॉक्टरकडे धाडा आणि फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवा. मेफेनॅमिक अॅसिडबद्दलचा नोव्हेंबर २०२३ चा इशारा अशाच कळवलेल्या माहितीची छाननी होऊन निघाला होता. पाळीच्या दुखण्यासाठी कॉलेजच्या मुली जी गोळी आपल्याकडे सर्रास मागतात, तीच ही.

वहीतले प्रश्न एकट्याने सुटत नाहीत, म्हणून आमच्या तालुक्यापुरतं मी असं ठरवलंय. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी २ ते ४ माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचं. त्या वेळात बाजार थंड असतो, मुलं काउंटरवर साबण-पावडर सांभाळतील. चिठ्ठी आली तर खाली उतरायला जिना आहेच. हजेरी नाही, सर्टिफिकेट नाही, प्रायोजक नाही. चहा माझ्याकडून, भजी ज्याची त्याने आणावी. इतर तालुक्यांतल्यांनी आपापल्या गावी असंच काही सुरू केलं तर प्रश्नांची देवाणघेवाण करू. पहिल्या बैठकीचा विषय इन्हेलर आहे. ज्याच्याकडे डेमोचा रिकामा इन्हेलर असेल त्याने सोबत घेऊन यावा, माझ्याकडचा परवाच एक एमआर परत घेऊन गेला.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातली एक फार्मासिस्ट